नाव दुसऱ्याचे, पत्र चोराचे

गेल्या काही महिन्यांत वाचक बंधु-भगिनींकडून आम्हांस एकच विचारणा निरनिराळ्या शब्दांत होत आहे. मुलाला ई-मेलवर नोकरीचे पत्र आले. वर पाठविणाऱ्याचे नाव मोठ्या कार्यालयाचे आहे. आत तीन हजार रुपये "सुरक्षा ठेव" म्हणून भरा असे लिहिले आहे. तर हे पत्र खरे समजावे की खोटे? पैसे भरू नका, एवढे उत्तर आम्ही प्रत्येकाला दिलेच. परंतु एका मातेने त्यावर जो उलट प्रश्न केला तो आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटला. त्या म्हणाल्या, "बाबूजी, नाव तर त्याइचंच होतं ना वर? मंग मशीननं येऊ कसं देलं?"

आजचे सदर या प्रश्नासाठी आहे. मशीनने ते पत्र आत का येऊ दिले, आणि येऊ नये म्हणून काय करता येते. विषय थोडा तांत्रिक आहे. पण कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर ज्याने एखादे वर्ष काढले असेल त्याला समजू नये असे त्यात काही नाही. आणि आम्ही तर तेथे बरीच वर्षे काढली आहेत.

टपालाचे पाकीट डोळ्यांसमोर आणा. पाकिटाच्या कोपऱ्यात प्रेषकाचे नाव असते. ते खरे आहे की खोटे हे तुमसरच्या पोस्टात कोणी विचारीत नाही. पोस्टाला मतलब पोहोचवायच्या पत्त्याशी आणि तिकिटाशी. पाकीट फोडले की आत लेटरहेड निघते, आणि लेटरहेड कोणत्याही छापखान्यात छापून मिळते. म्हणजे खोटे नाव लिहावयास जागा दोन, एक पाकिटावर आणि दुसरी आतील कागदावर. बारनिशीतला जुना कारकून म्हणूनच शिक्का पाहतो, पाकीट पाहतो, मग कागद पाहतो. लेटरहेड मंत्रालयाचे आणि शिक्का भलत्याच गावचा असला की तो कागद साहेबांकडे नेण्याआधी चार वेळा उलटून पाहतो.

ई-मेलचेही हुबेहूब असेच आहे. ई-मेल ने-आण करणाऱ्या संगणकाला मेल सर्व्हर म्हणतात. त्याला पोस्ट ऑफिस समजा. एक सर्व्हर दुसऱ्याच्या दाराशी येतो, आपले नाव सांगतो, हे पत्र अमक्याकडून आहे असे सांगतो, तमक्याला द्यावयाचे आहे असे सांगतो, आणि मग पत्राचा मजकूर हवाली करतो. दाराशी तोंडी सांगितलेले नाव हे पाकिटावरचे नाव. मजकुराच्या आत, वरच्या बाजूस "फ्रॉम" म्हणून आणखी एक नाव असते, ते लेटरहेड. आपल्या मोबाईलवर दिसते ते फक्त लेटरहेड. पाकीट तर सर्व्हरने केव्हाच फाडून टाकलेले असते. आणि गंमत अशी की मूळ नियमांप्रमाणे ही दोन्ही नावे पाठविणारा स्वतःच लिहितो, व ती एकमेकांशी जुळलीच पाहिजेत असे बंधन नाही.

असे ढिले नियम कोणी केले, असे वाचक विचारतील. हे नियम ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल या अमेरिकन संगणक-तज्ज्ञाने लिहून काढले. त्या वेळी जाळ्यावर असलेली मंडळी म्हणजे विद्यापीठे, संशोधन संस्था, लष्कराची खाती. बहुतेक एकमेकांना ओळखणारी. घरात सगळी आपलीच माणसे असताना कोठीच्या खोलीला कोण कुलूप लावतो? तरी कुरबूर आधीच सुरू झाली होती. ३ मे १९७८ रोजी गॅरी थर्क नावाच्या एका संगणक विक्रेत्याने आपल्या कंपनीच्या मालाची जाहिरात सुमारे चारशे जणांना एकदम पाठविली, आणि ती पहिली नको असलेली जाहिरात समजली जाते. पण थर्कने निदान आपले नाव लपविले नव्हते. पुढे इंटरनेट सर्वांसाठी खुले झाले (आपल्या देशात सामान्य ग्राहकांना ते १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगममार्फत मिळू लागले) आणि घर तेच, कोठी तीच, पण आत येणारे लाखो झाले. कुलूप मात्र कोणी लावले नाही. जानेवारी १९९७ मध्ये अमेरिकेत जो डॉल नावाच्या गृहस्थाच्या नावाने कोणीतरी सूडबुद्धीने हजारो जाहिराती पाठविल्या. लोकांचा सगळा राग त्या बिचाऱ्यावर निघाला. दुसऱ्याच्या नावे पत्रे पाठवून त्याला बदनाम करण्याला तेव्हापासून त्या धंद्यात "जो जॉब" असेच म्हणतात.

अमेरिकेतला हा किस्सा आपल्या तालुक्यातही घडू शकतो, हे आम्ही जवळून पाहिले आहे. तुमसर तालुक्यातील एका लहान शिक्षण संस्थेच्या कामात आमचा सहभाग आहे. संस्थेचे नाव येथे देत नाही. संस्थेने काही वर्षांपूर्वी स्वतःचे डोमेन घेतले, म्हणजे इंटरनेटवरचे स्वतःचे नाव. दरवर्षी विजयादशमीच्या सुमारास वसतिगृहासाठी देणग्या गोळा होतात, त्याच्या पावत्या ई-मेलने जातात. एका वर्षी नेमक्या त्याच दिवसांत संस्थेच्या पेटीत परत आलेल्या पत्रांचा ढीग पडू लागला. "आपले पत्र पोहोचविता आले नाही", "असा पत्ता नाही", "पेटी भरली आहे." अशी शेकडो. संस्थेने ती पत्रे पाठविलीच नव्हती. कोणीतरी संस्थेच्या नावाने देणगीचे आवाहन पाठविले होते, आत बँक खाते भलत्याचेच. जे पत्ते खोटे निघाले त्यांची पत्रे रीतीप्रमाणे "प्रेषकाकडे" परत आली, आणि प्रेषक म्हणून नाव आमचे होते. जे पत्ते खरे होते त्यांचे काय झाले ते नंतर कळले. रेल्वेतून गँगमन म्हणून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी मुलाच्या मोबाईलवरून दोन हजार रुपये भरले होते. ते पावती मागावयास आले तेव्हा संस्थेचे लेखनिक त्यांच्याकडे पाहतच राहिले. त्यांच्या निवृत्तिवेतनातील दोन हजार ते. ते परत मिळाले नाहीत.

आमच्याच वस्तीतील एक तरुण नागपुरात संगणकाच्या कंपनीत आहे. तो रविवारी येऊन बसला. त्याने सर्व पाहून सांगितले, "काकाजी, चोर आपल्या घरात घुसलाच नाही. पासवर्ड गेला नाही, काही नाही. त्यानं बाहेरच्या बाहेर आपलं नाव वापरलं. नावाला कुलूप लागते, ते आपल्याला लावा लागन." पुढील माहितीचा बराच भाग त्याने त्या रविवारी आणि त्यानंतरच्या तीन रविवारी आम्हांस समजावून दिला.

प्रत्येक डोमेनची एक उघडी नोंदवही असते. तिला डीएनएस म्हणतात. ती सातबाऱ्यासारखी आहे. पाहू कोणीही शकतो, लिहू शकतो तो फक्त ज्याच्या ताब्यात नाव आहे तो. या वहीत एक ओळ लिहावयाची: आमच्या नावाची पत्रे फक्त या-या संगणकांवरून निघतात. या ओळीला एसपीएफ म्हणतात. मेंग वेंग वाँग या तरुणाने २००३ च्या सुमारास ही कल्पना पुढे रेटली आणि २००६ मध्ये ती कागदोपत्री आली. आता तुमच्या नावाने कोणी सर्व्हर परगावच्या दाराशी गेला, तर तेथील सर्व्हरने वही उघडून पाहावयाचे, हा संगणक यादीत आहे काय? संगणकाचा क्रमांक खोटा सांगून असा पत्रव्यवहार पार पाडणे जवळजवळ अशक्य असते, कारण दाराशी प्रत्यक्ष बोलणे त्या क्रमांकावरूनच चाललेले असते. पोस्टाच्या शिक्क्याचे काम येथे तो क्रमांक करतो.

या ओळीच्या शेवटी एक चिन्ह येते आणि सगळे मर्म त्यात आहे. यादीबाहेरच्याचे काय करावे ते हे चिन्ह सांगते. वजाचे चिन्ह असेल तर "तो आमचा नव्हे, नाकारा." नागमोडी चिन्ह असेल तर "बहुधा आमचा नव्हे, संशयाने पाहा." आमच्या संस्थेची ओळ उघडून पाहिली तर तेथे अधिकाचे चिन्ह होते, म्हणजे "कोणीही आला तरी चालेल." डोमेन विकणाऱ्या दुकानदाराने तशीच ठेवून दिली होती. हे म्हणजे राखणदार ठेवायचा आणि त्याला कोणालाही अडवू नको म्हणून सांगायचे. अशी ओळ नसलेली बरी.

यादी करणे सोपे वाटते, पण तिथेच लोक चुकतात. संस्थेची पत्रे एकाच ठिकाणाहून जातात असे सगळे छातीठोकपणे सांगतात. शोधू लागले की कळते, पावत्यांचा प्रोग्राम वेगळ्याच सर्व्हरवरून पत्रे टाकतो, प्रवेश अर्जांचे उत्तर तिसरीकडून जाते. एखादे ठिकाण राहिले आणि वजाचे चिन्ह लावले तर आपलीच खरी पत्रे परत येतात. शिवाय ही ओळ वाचताना दहाहून अधिक वेळा दुसऱ्या वह्या उघडाव्या लागल्या तर ती ओळच बाद ठरते. त्यामुळे दिसेल त्याचे नाव घुसडून चालत नाही.

एसपीएफ पाहते ते पाकीट. लेटरहेडचे काय? त्यासाठी दुसरा उपाय मोहोरेचा. जुन्या काळी पाकिटावर लाख वितळवून मोहोर उठवीत, तशी सर्व्हर प्रत्येक पत्रावर गणिती मोहोर उठवितो. मोहोरेचा ठसा त्या उघड्या वहीत ठेवलेला असतो, मोहोर स्वतः मात्र कुलपात. मजकुराचे एक अक्षर बदलले तरी ठसा जुळत नाही. याला डीकेआयएम म्हणतात. २००७ पासून ते चालू आहे. याचा आणखी एक फायदा असा, की एखाद्याने आपले पत्र जसेच्या तसे पुढे तिसऱ्याला धाडले तर संगणक बदलल्यामुळे एसपीएफ कोलमडते, पण मोहोर शाबूत राहते.

आणि तिसरी ओळ म्हणजे डीमार्क. आमच्या मते खरे कुलूप हेच, आधीचे दोन त्याचे कोयंडे. २०१२ मध्ये मोठ्या ई-मेल कंपन्यांनी मिळून ते पुढे आणले. त्यात डोमेनचा मालक जाहीर करतो, की लेटरहेडवर माझे नाव असेल तर ते पाकिटाच्या तपासणीत उतरलेल्या नावाशी किंवा मोहोरेवरच्या नावाशी जुळले पाहिजे; जुळले नाही तर अमुक करा. अमुकचे प्रकार तीन. "नन", म्हणजे काही करू नका, फक्त मला कळवा. "क्वारंटाइन", म्हणजे बाजूच्या संशयित खणात टाका. "रिजेक्ट", म्हणजे दारातूनच परत. सोबत एक पत्ता द्यावयाचा. जगभरचे मोठे सर्व्हर त्या पत्त्यावर साधारण रोज अहवाल पाठवितात, की आज तुमच्या नावाने कोणकोणत्या संगणकांवरून किती पत्रे आली, आणि त्यातली किती जुळली.

त्या तरुणाने पहिल्या दिवशी "रिजेक्ट" लावले नाही. संस्थेच्या काही सदस्यांना ते रुचले नाही. चोर पकडायचा तर नुसते "कळवा" कशाला, असे त्यांचे म्हणणे. पण त्याचे बरोबर होते. तीन आठवडे अहवाल जमविले तेव्हा पावत्यांचा प्रोग्राम यादीबाहेर असल्याचे त्यातूनच उघड झाले. तो यादीत घातला, मोहोर लावली, मग "क्वारंटाइन", आणि सगळे जुळू लागल्यावर "रिजेक्ट". घाई केली असती तर त्या वर्षीच्या देणगीदारांना पावत्याच पोहोचल्या नसत्या.

येथवर झाले ते आपले नाव दुसऱ्याला वापरू न देण्याचे. पण हे कुलूप दोन हातांनी लागते. वहीत ओळी लिहिल्या आणि समोरच्या सर्व्हरने वही उघडलीच नाही, तर त्या ओळींचा उपयोग काय? म्हणून आपल्या संस्थेचा सर्व्हर दुसऱ्यांची पत्रे घेताना काय करतो हेही पाहावे लागते, आणि ते पाहणारे फार थोडे.

त्यातली पहिली गोष्ट अगदी साध्या व्यवहाराची. बाहेरून आलेला कोणी "मी तुमच्याच संस्थेचा सचिव" असे सांगू लागला, आणि त्याने पासवर्ड दिलेला नाही व त्याचा संगणकही आपल्या यादीत नाही, तर त्याला आत घेऊ नये. आपल्याच नावाने आपल्यालाच आलेले खोटे पत्र सर्वांत घातक. लेखनिकाला वाटते अध्यक्षांनी लिहिले आहे, आणि पैसे निघून जातात. आपल्या कर्मचाऱ्यांसाठी पासवर्ड देऊन पत्र टाकण्याचे वेगळे दार असते, ते त्यांनी वापरावे. परगावच्या सर्व्हरांचे दार निराळे. जो पाठविणारा असे डोमेन सांगतो की जे जगात कोठे नोंदलेलेच नाही, त्यालाही दारातूनच निरोप द्यावा. मग एसपीएफ, मोहोर, डीमार्क तपासावे आणि मालकाने "रिजेक्ट" म्हटले असेल तर त्याचे ऐकावे.

दुसरी गोष्ट मात्र ठासून सांगावयाची आहे. नाकारायचे तर दारातच नाकारा. समोरचा सर्व्हर दाराशी उभा आहे, बोलणे चालू आहे, तेव्हाच "पाचशे पन्नास" हा नकाराचा आकडा त्याच्या तोंडावर सांगावा. पुष्कळ ठिकाणी सर्व्हर असा लावलेला असतो की तो आधी सगळे घेतो, "मिळाले" म्हणतो, मग निवांत तपासतो, आणि नको असलेले "प्रेषकाला" परत पाठवितो. पण प्रेषकाचे नावच खोटे! मग ते परत गेलेले पत्र जाते कोणाकडे? ज्याचे नाव चोरले त्याच्याकडे. आमच्या संस्थेच्या पेटीत शेकडो पत्रे पडली ती चोराने टाकलेली नव्हती. ती अशा सज्जन, पण आळशी सर्व्हरांनी टाकलेली होती. अस्तित्वात नसलेल्या पेटीच्या पत्रांचेही तेच. "असा माणूस येथे नाही" हे दारातच सांगावे. आपण आपल्या सर्व्हरची ही एक खोड काढली, तर कोठल्यातरी अनोळखी माणसाचा त्रास वाचतो. त्याला ते कधी कळतही नाही.

कडकपणालाही मर्यादा हवी. काही तज्ज्ञ सांगतात, ज्याने एसपीएफ लिहिले नाही त्याची पत्रे सरसकट नाकारा. आम्हांस हे मान्य नाही. खेड्यातील शाळा, ग्रामपंचायत, एखादी लहान पतसंस्था यांचे डोमेन कोणा पुतण्याने लावून दिलेले असते आणि पुतण्या पुण्याला गेलेला असतो. वसतिगृहात जागा मागणाऱ्या मुलाची शिफारस अशाच सर्व्हरवरून येते. दहा जाहिराती आत आल्या तर लेखनिकाची पाच मिनिटे जातात. त्या मुलाचे पत्र दारात अडले तर त्याचे वर्ष जाते. म्हणून ज्याने "नाकारा" असे लिहून ठेवले आहे त्याच्या नावाची खोटी पत्रे नाकारावी. ज्याने काहीच लिहिले नाही त्याचे पत्र संशयित खणात टाकावे आणि तो खण रोज एकदा माणसाने पाहावा. "थोड्या वेळाने पुन्हा या" असे सांगण्याची एक युक्तीही आहे. खरा सर्व्हर पुन्हा येतो, पुष्कळसे भुरटे येत नाहीत. त्यात पत्र उशिरा मिळते इतकेच.

मोठ्या कंपन्या एवढ्या दयाळू राहिलेल्या नाहीत. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी नियम केला, की मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठविणाऱ्याकडे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही तिन्ही असलीच पाहिजेत. आणि थोडी पत्रे पाठविणाऱ्याकडेही पहिल्या दोहोंपैकी एक तरी हवे. म्हणजे आपल्या समाजातील ज्या संस्थांनी स्वतःचे डोमेन घेतले आहे, पण वहीत काही लिहिलेले नाही, त्यांची सभेची निमंत्रणे आज सदस्यांच्या संशयित खणात जाऊन पडत असतील. सदस्य येत नाहीत म्हणून अध्यक्ष रागावतात. आधी वही उघडून पाहावी.

आता त्या मातेच्या प्रश्नाकडे येतो. मुलाचे पत्र आम्ही संगणकावर उघडून पाहिले. जीमेलमध्ये पत्राच्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांवर दाबले की "शो ओरिजिनल" असा पर्याय येतो. त्यात वरच एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क यांपुढे "पास" किंवा "फेल" लिहिलेले असते. आम्हांस वाटले तिन्ही "फेल" असतील. तिन्ही "पास" निघाले! कारण पत्र खरोखरीच ज्या पत्त्यावरून आले म्हणत होते त्याच पत्त्यावरून आले होते. फक्त तो पत्ता कोणीही पाच मिनिटांत उघडावे असे फुकट खाते होता, आणि त्या खात्याला नाव म्हणून कार्यालयाचे नाव दिले होते. मोबाईलवर ठळक दिसते ते नाव. पत्ता त्यामागे दडलेला. मशीनने पत्ता तपासला, तो खरा होता, म्हणून येऊ दिले. माणूस खरा की खोटा हे मशीनला विचारलेलेच नव्हते.

हे नीट ध्यानात घ्यावे. डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथील मॅंगनीजच्या खाणी, जवाहरनगरची आयुध निर्माणी, रेल्वे, यांची नावे आपल्या घराघरांत आशेने घेतली जातात. ती नावे खात्याला लावणे कोणासही अवघड नाही. म्हणून नाव वाचून थांबू नये. नावावर बोट ठेवून त्यामागचा पूर्ण पत्ता उघडावा आणि तो शेवटाकडून वाचावा. केंद्र व राज्य सरकारच्या कार्यालयांचा पत्ता "गव्ह डॉट इन" किंवा "एनआयसी डॉट इन" असा संपतो. "गव्ह" आणि "इन" ही अक्षरे मध्येच कोठेतरी असून शेवट भलताच असेल तर तो पत्ता सरकारचा नव्हे. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने "बँक डॉट इन" हे स्वतंत्र नाव ठरवून दिले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे त्याखाली नेण्यास बँकांना सांगितले. ते नाव बँकेशिवाय दुसऱ्याला मिळत नाही.

याहून अवघड प्रकार म्हणजे खात्याचीच चोरी. पत्ता खरा, ओळखीच्या माणसाचा, सगळे "पास", आणि लिहिणारा मात्र दुसराच. भीमा कोरेगाव प्रकरणातील आरोपी रोना विल्सन यांच्या संगणकाची प्रत तपासून अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये अहवाल दिला. त्यात म्हटले आहे, की जून २०१६ मध्ये वरवरा राव यांचे ई-मेल खाते वापरणाऱ्या कोणीतरी पाठविलेल्या पत्रातील दस्तऐवज उघडल्यावर त्या संगणकात हेरगिरीचा प्रोग्राम शिरला. तपास यंत्रणेने हा निष्कर्ष मान्य केलेला नाही. २०२० च्या जूनमध्ये ॲम्नेस्टी आणि कॅनडातील सिटिझन लॅब यांनी मिळून जाहीर केले, की २०१९ मध्ये देशातील नऊ मानवी हक्क कार्यकर्त्यांना अशीच सापळ्याची पत्रे गेली. त्यांत नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते. चळवळीत काम करणाऱ्यांनी एवढे करावे, की ओळखीच्या माणसाकडून अनपेक्षित जोडपत्र आले तर उघडण्यापूर्वी त्यालाच फोन लावावा. वहीतल्या तीन ओळी येथे उपयोगी पडत नाहीत.

कायद्याचे काय? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ मध्ये, पत्र कोठून आले याविषयी पत्र घेणाऱ्याची दिशाभूल करणे हा गुन्हा म्हणून लिहिलेला होता. पण त्याच कलमात "त्रासदायक" मजकुरासाठीही शिक्षा होती, आणि तिचा वापर कसा झाला ते २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींच्या अटकेने साऱ्या देशाने पाहिले. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात ते पूर्ण कलम रद्द केले. निकाल योग्यच होता. तथापि खोट्या प्रेषकाविषयीचे ते एक वाक्यही त्याबरोबर गेले, आणि त्या जागी सरकारने पुन्हा काही लिहिलेले नाही. आज फसवणूक झाली तर कलम ६६क, म्हणजे दुसऱ्याची ओळख चोरणे, आणि ६६ड, म्हणजे संगणकाद्वारे तोतयेगिरी, यांखाली तक्रार होते. दोहोंस तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड आहे. पैसे गेले असतील तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर फोन करावा. पैसा पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी तो गोठविता आला तर आला. त्या निवृत्त गँगमन गृहस्थांना हे कळले तोवर बारा दिवस उलटून गेले होते.

मोहाडीच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे, की त्यांच्याकडे ई-मेल नाही, साधे मेसेज येतात, त्यांचे कसे ओळखावे. मेसेजसाठी दूरसंचार नियामकाने २०१८ पासून नोंदणी बंधनकारक केली आहे. कंपनीच्या मेसेजवर दहा आकडी नंबर न दिसता ठराविक अक्षरांचे नोंदलेले नाव दिसते. २०२५ पासून त्याच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर जोडलेले असते. "जी" म्हणजे सरकारी, "टी" म्हणजे आपल्या व्यवहाराचा, "एस" म्हणजे सेवेचा, "पी" म्हणजे जाहिरात. बँकेचे खाते बंद होणार असे सांगणारा मेसेज दहा आकडी मोबाईल नंबरवरून आला असेल, तर तो बँकेचा नाही असे समजून पुसून टाकावा. त्यातील निळ्या अक्षरांना हात लावू नये, आणि मुलाबाळांनाही तसे सांगून ठेवावे.